कपाटातला मोठा कॅमेरा

घरजावयाची चैन असते असं म्हणणाऱ्याने एकदा या स्टुडिओत येऊन बघावं. खाली सासऱ्यांचा स्टुडिओ, वर घर, आणि मधल्या जिन्यावर जावयाची सगळी उमेद खर्ची पडलेली. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो काढायचे, "हनुवटी जरा वर" म्हणायचं आणि हाक आली की जेवायला वर जायचं.

आता कुठे सुटकेची फट दिसली होती. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाला छायाचित्रकार हवा होता, राहायला घरही मिळणार होतं. नमुना म्हणून त्यांनी जुन्या विणलेल्या कापडाचा दाराएवढा फोटो मागितला होता. त्यात धागा न् धागा दिसायला हवा. जावयाने रोजच्या छोट्या कॅमेऱ्यावर काढून पाहिला. मोठा केल्यावर धाग्यांचा पार लगदा झाला. मोठा कॅमेरा कपाटात होता आणि किल्ली सासऱ्यांच्या खिशात.

"छोट्यावरच काढा की जावईबापू," सासरे म्हणाले. "मेगापिक्सेल दोन्हीत तेवढेच."

"मामा, आतला उजेड टिपणारा सेन्सर बघा ना. ह्याचा नखाएवढा, त्याचा टपाल तिकिटाएवढा. वर दोन खोल्यांत आपण सहा जण कोंबलेले, कुणाच्या वाट्याला किती उजेड येतो? तेवढीच माणसं मोठ्या घरात ठेवा, प्रत्येकाला खिडकी मिळेल. पिक्सेलचंही तसंच. उजेड जास्त, तर बारकावा जास्त."

हे बोलणं कुठल्या घराबद्दल आहे ते न कळण्याइतके सासरे भोळे नव्हते. त्यांनी खिशातली किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

कॅमेऱ्यात सासऱ्यांनी काढलेले एका लग्नाचे फोटो तसेच होते. जावयाने आतल्या खोलीत एक मोठा करून पाहिला, मग दुसरा, मग सगळेच. नवरीच्या मागचा पडदा लख्ख, नवरी धूसर. फोकस हातानेच जुळवायचा हा म्हाताऱ्याचा हट्ट. छोट्या सेन्सरवर पुढचं-मागचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट येतं, चूक खपून जाते. मोठा सेन्सर तसूभर चूकही पोटात घालत नाही.

तो बाहेर आला तेव्हा सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"बघितलंत?" त्यांनी न वळताच विचारलं.

"हो."

"डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ह्यावर इलाज नाही. हळूहळू सगळंच जाणार. पोरीला बोललो नाही अजून." मग उसनं हसून म्हणाले, "तुम्ही खुशाल जा. मी छोट्यावर भागवीन."

जावयाला सपाटून राग आला. म्हातारा भांडला असता, आडवा आला असता, तर दार आपटून जाता आलं असतं. ह्या "खुशाल जा"ने त्याचे पाय जागीच बांधले.

दुसऱ्या दिवशी त्याने कापडाचा फोटो काढला. धागा न् धागा सुटा दिसत होता, एके ठिकाणी कुणीतरी जुन्या काळी घातलेला रफूचा टाकासुद्धा. अशा फोटोला संग्रहालयाने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. म्हणूनच त्याने तो पाठवला नाही.