सैल बसलेली गोळी

रानडुकरं मक्याची नासाडी करायची, म्हणून वडिलांनी परवाना काढून ठासणीची बंदूक ठेवली होती. शिशाच्या गोळ्या ते घरीच ओतत. गोळीभोवती गुंडाळायची चिंधी कापणं माझ्याकडे असे. चिंधी घट्ट बसली नाही तर गोळी नळीत टिकत नाही, हे ते मला दरवेळी बजावत. त्या दिवशी मात्र मी घाईत जुन्या लुगड्याचा फार पातळ तुकडा कापला.

सकाळी धुकं होतं. मक्यात काहीतरी काळं हललं. वडिलांनी उंच बांधावरून नळी खाली रोखली आणि चाप ओढला. बार झाला, धूर पसरला, आणि धुरापलीकडे मक्यातून शेजारची म्हातारी मावशी उभी राहिली. तिला साधं खरचटलंही नव्हतं. नळी खाली होताच गोळी चिंधीसकट घरंगळून आमच्या पायाशी गवतात पडलेली होती; बार नुसत्या दारूचा झाला होता.

वडिलांनी बंदूक बाजूला ठेवली. "मावशी, तुमी इथं काऊन आल्या?"

"तूच त हाक मारली न रे मले. मक्यात ये, खाली बस, म्हनलं तू."

"म्या तं तोंडच उघडलं नाही."

मी त्यांना खेटून उभा होतो. त्यांनी खरंच चकार शब्द काढला नव्हता.

मावशी हळूच मागे मक्याकडे वळली. "आवाज तुहाच होता," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात वडिलांनी बंदूक नांदुऱ्याच्या ठाण्यात जमा केली. वावरात त्यांची हाक आली, तर ते डोळ्यांना दिसेपर्यंत मी अजूनही ओ देत नाही.