रहमतुल्लाची ओळ

लतीफा अनसिंगात घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरायची. तिचा नवरा रहमतुल्ला पायदळ पलटणीतला शिपाई. महायुद्धात बसऱ्याकडच्या एका कालव्यावर तो मारला गेला. बाकीचे मागे फिरले होते, हे तिच्या कानावर आलं होतं. मग आपलाच माणूस का नाही फिरला, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

१९२१ साली गावात त्या लढाईच्या स्मरणाचा दगड उभा राहिला; त्यावर मारल्या गेलेल्या शिपायांची नावं एकेका ओळीत कोरली होती. समारंभाला आलेल्या गोऱ्या साहेबाने पलटणीच्या पराक्रमावर लांबलचक भाषण केलं. ते संपताच केनवडचा जानराव कुबडी टेकत उठला. तो त्याच पलटणीतला.

"भाभी, मांगं फिराचा हुकूम आलता," तो लतीफाकडे वळून म्हणाला. "पन आमी सातजन जखमी होतो, चालता येत नव्हतं. रहमतुल्ला म्हने, यायले टाकून मी येत नाही. त्याचं पाहून अजून चौदाजन थांबले. आमाले डोलीत घालून नेईपर्यंत त्यायनं कालवा सोडला नाही. त्याच्यापायीच मी जिता हाओ."

साहेबाने टोपी काढली. लतीफा उठली आणि गड्यामाणसांच्या गर्दीतून थेट दगडापाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं.

"कोन्ती ओळ, भाऊ?"

जानरावाने बोट ठेवलं. तिने पदराने त्या अक्षरांवरची धूळ पुसली, मग गावाकडे तोंड करून ताठ उभी राहिली.

"हे माहे मालक," ती खणखणीत आवाजात म्हणाली.