लाईट गेली तेव्हाची मॅच

भुताखेतांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या, पण मेथी निवडता निवडता ऐकल्या. हात कधी थांबला नाही. कोणाला स्वप्नात काही दिसलं, कोणाच्या अंगात आलं, की मी म्हणायची, "बाप्पा, आधी चहा घे." म्हणून अशा अनुभवांच्या या सदरात मीच लिहायला बसेन असं कोणाला वाटलं नसतं. पण जे झालं ते दिवसाउजेडी झालं, आणि शेजारच्या शोभावहिनी दारात उभ्या असताना झालं...

आम्ही घाटंजीचे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर, घरात आम्ही दोघंच. आमचे हे शाळेत पीटीचे सर होते. कबड्डी म्हणजे जीव. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणंही जड का होईना परत आलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं दाबायला एक पिवळा रबरी बॉल दिला. म्हणाल्या, "सर, तुम्ही मनावर घेतलं तर हात येईल." ह्यांनी तो बॉल डाव्या हातानं अंगणात भिरकावला. "कायले त्रास देता? गेला तो हात."

हाताचं मला एवढं नव्हतं हो. पण माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून निजायला लागला, त्याची भीती वाटायची.

आमची पल्लवी अमेरिकेत असते. पोळ्याच्या सुमारास तिनं आमच्या टीव्हीवर एक ॲप टाकायला लावलं. "बाबा, तुमचा जावई ज्या टीमपायी येडा झाला ना, ते तरी पाहा." अमेरिकन फुटबॉल! सगळे डोक्यावर टोप घालून एकमेकांना धडका देतात.

"नाव फुटबॉल, आन् बॉल हातात?" हे निजल्या निजल्याच म्हणाले. पण म्हणाले! मी पोळी तव्यावर तशीच टाकून ऐकायला आले.

दोन-तीन मॅच झाल्या आणि एक दिवस हे उठूनच बसले. "अवं, हे तं कबड्डी हाय! एकानं घुसायचं, बाकीच्यानं धरायचं. फक्त ह्याईनं कपडे जास्त घातले."

मग काय विचारता! चार डावांत दहा पावलं कशी पुढं जायची, ते मला डाव्या हातानं शिकवून झालं. मॅच कधी आपल्या सोमवारी सकाळी यायची, कधी मध्यरात्री. रात्रीची आम्ही सकाळी चहासोबत पाहायचो, आणि तोवर पल्लवीचा फोन उचलायचा नाही, असा घरचा कायदा. एकदा उचलला, तर तिच्या "हॅलो"वरूनच ह्यांनी ओळखलं की हरलो. दिवसभर माझ्याशी अबोला!

आमच्या टीममधला एक अगडबंब गडी ह्यांचा लाडका. आम्ही त्याचं नाव पहेलवान ठेवलं. त्याचं काम एकच, समोरच्या रांगेत घुसून ढकलाढकली करायची. बॉल काही त्याच्या हाती यायचा नाही, टाळ्या दुसऱ्याला. "कबड्डीतबी कोपऱ्यात उभा राहून पाय धरणाऱ्याले कोण विचारते?" हे म्हणायचे.

असं करत करत आमची टीम संक्रांतीच्या तोंडावर अशा मॅचला आली, की हरली तर सीझन संपला. जावयाला तिकडं टीमची काळजी. मला इकडं वेगळीच... सीझन संपला की हे परत भिंतीकडं वळतील.

सोमवारची सकाळ. ओसरीत ऊन आलेलं. मी स्वयंपाकघरात जवसाची चटणी वाटत होते, कान टीव्हीकडं. आपण मागे, मॅच संपत आलेली, आणि बॉल समोरच्या टीमकडं. त्यांना फक्त वेळ काढायचा होता. 'झालं आता,' मी मनात म्हटलं, आणि मिक्सर बंद पडला. लाईट गेली.

बाहेर आले तर टीव्ही काळा. आणि हे खुर्चीत पुढं वाकून त्या काळ्या काचेकडं टक लावून बसलेले.

"सुटला!"

"काय सुटलं हो?"

"बॉल सुटला न त्याच्या हातून! पहेलवान पडला त्याच्यावर... नाही, उचलला! उचलला बे त्यानं! पळ बे, पळ! अबे, काठाकाठानं जा न, मधून काहून चालला?"

दारातून शोभावहिनींचा आवाज, "काकू, तुमच्याकडं हाय का वं लाईट?" त्या पुढं काही बोलणार, तेवढ्यात ह्यांनी मांडीवर थाप मारली. चढाईला निघताना मारायचे तशीच, फाडकन.

उजव्या हातानं.

शोभावहिनींनी तोंडावर पदर धरला. आणि ओट्यावरचा माझा मोबाईल वाजला. घरचा कायदा विसरून मी उचलला. "आई! पाहिलं का वं? पहेलवान! आपला पहेलवान!" मागं जावई लेकरासारखा ओरडून राह्यला होता.

"पाहिलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

"फोन कायले उचलला मधातच?" हे माझ्यावरच डाफरले. मी म्हटलं, "अहो, लाईट नाहीये." तर म्हणतात, "कवा गेली?"

दुपारी लाईट आल्यावर रेकॉर्डिंग लावलं. बॉल सुटला. पहेलवानानं उचलला. काठ सोडून मैदानाच्या मधूनच पळत गेला, दम लागून तोंड उघडं... आणि मॅच आपली. शोभावहिनी माझा दंड घट्ट धरून बसल्या होत्या. हे आरामात म्हणाले, "सकाळी पाह्यलं न, पुन्हा कायले?"

डॉक्टर म्हणतात, जोशात हात हलू शकतो. ठीक. जावई म्हणतो, बाबांचा अंदाज. पण अख्ख्या सीझनमध्ये ज्याच्या हाती एकदाही बॉल आला नाही, त्याचा कोण अंदाज करेल? शोभावहिनी देवाचं नाव घेतात. मी चहा ठेवते.

पुढची मॅच आम्ही हरलो. सडकून हरलो. सीझन संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरत घाबरत खोलीत डोकावले, तर हे पलंगावर बसलेले. "तो पिवळा बॉल कुठी हाय वं?"

तुळशीच्या कुंडीमागं होता. माती लागलेली. धुवून दिला. आता तीन बोटं धरतात, अंगठाही येतो आहे. मॅडमना म्हणाले, पोळ्यापर्यंत टाळी वाजवून दाखवतो.

पल्लवी मागं लागली आहे, आई, इन्व्हर्टर घे. परवा संध्याकाळी लाईट गेली, तेव्हा हे टीव्हीसमोरच बसले होते, हातात बॉल. मी हळूच विचारलं, "काय चालू आहे हो?"

"गप बस. जाहिरात लागली."

थट्टा करतात की खरंच सांगतात, चाळीस वर्षं संसार करूनही मला कळलं नाही. इन्व्हर्टर मी अजून घेतलेला नाही.