सोनवणे सरांच्या फोनमधली हलगी

चालू असलेली गोष्ट मुद्दाम बंद पाडणारा माणूस गेला, त्याला आज वर्ष झालं.

आमचे सोनवणे सर. त्यांचं गाव बेंबळी, माझं मुरुम.
कंपनी पुण्यात, आणि आम्ही दोघं आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसलेले.

तीन वर्षांत एका ऑफिसात आम्ही एकदाही शेजारी बसलो नाही. पण मला कामातलं जे काही येतं, ते सरांनी फोनवर रागावून रागावून शिकवलेलं आहे.

काम काय, तर कारखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर आणि क्लाऊड यांच्यामध्ये एक कनेक्टर असतो. ऑर्डरी, बिलं, सगळं त्याच्यातून पुढं जातं. त्याच्यावर नजर ठेवायला आम्ही जावा भाषेतला एक मॉनिटरिंग एजंट, म्हणजे पहारा देणारा छोटा प्रोग्राम, बसवतो. कनेक्टर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, रिस्टार्ट करायचं, की आमच्या डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो.

पहिला एजंट बसवला तेव्हा मी आनंदानं सरांना स्क्रीनशॉट पाठवला. लगेच फोन.

"हिरवं दिसलं?"

"व्हय सर!"

"आता कनेक्टर बंद पाड."

"सर, आत्ताच तर चालू झालाय!"

"म्हणूनच म्हणतोय. पाड बंद."

अजून तो कुणाच्या वापरात नव्हता, म्हणून पाडला. दोघंही वाट बघत बसलो.
दिवा हिरवाच. कुणाला काही पत्ताच नाही.

सर खो खो हसायला लागले.

"अगं, एजंट त्याच्याच पोटात बसलेला हाय. त्यो मेला की ह्यो बी मेला. मेलेलं माणूस सांगत येतंय का, मी मेलो म्हणून? गप झालं की आपुन वळखायचं!"

म्हणजे आणखी एक अट घालायची होती. एजंटकडून एक मिनिट काहीच आलं नाही, तर अलर्ट, आमच्या दोघांच्या फोनवर.

ती अट लावली. पुन्हा बंद पाडला.
आणि फोनमधून कडाडून हलगी वाजली.

गावातल्या मिरवणुकीत सरांनी स्वतः रेकॉर्ड केलेली. अलर्टची रिंगटोन म्हणून हलगी लावणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही!

मागून सरांची बायको, आमच्या काकू, ओरडल्या, "आवं, बंद करा की ते! दचकून भाकरी करपली माझी."

एवढं शिकूनही कळतं पण वळत नाही, त्यातली मी.

दोन महिन्यांनी एका कारखान्याचं काम एकटीनं केलं. हिरवा दिवा लागला आणि मी हुरळून गेले. बंद पाडून बघितलंच नाही. एका मिनिटाची ती अटही लावायची राहिली.

पुढच्याच आठवड्यात कनेक्टर सकाळी मेला. डॅशबोर्ड हिरवागार. दुपारपर्यंत कारखान्याची एकही ऑर्डर पुढं सरकली नव्हती.

माझी नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती. घरात ठरलेलं होतं: पक्की झाली तर ठीक, नाहीतर येईल त्या स्थळाला होकार द्यायचा.

कॉलवर पुण्याचे मॅनेजर, कारखान्याचे साहेब, सर, आणि रडवेली मी. कनेक्टर परत चालू केला होता, पण साहेब तापलेलेच होते.

मॅनेजर म्हणाले, "हिला या कामावरून काढू या."

सर म्हणाले, "चूक तिचीच हाय. पण तपासायचं माझं काम होतं, ते म्या केलं न्हाय. काढायचं तर दोघांना काढा. त्याआधी पाच मिनिटं द्या. पल्लवी, अट लाव. आन् सगळ्यांसमोर बंद पाड."

अट लावली. साहेबांची परवानगी घेतली आणि पाडला.

माझं सगळं त्या एका मिनिटावर होतं.

आणि वाजली! सरांनी माईक मुद्दाम चालू ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

कारखान्याचे साहेब खळखळून हसले. "आमच्या फोनवर बी हीच लावून द्या," म्हणाले.

नोकरी पक्की झाली. स्थळं आल्या वाटेनं परत गेली.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला सरांचा मेसेज यायचा. "जय भीम. चालू हाय का?"
मी लिहायचे, "जय भीम सर. चालू आहे."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी नऊ वाजले. मेसेज नाही.
सव्वानऊ. नाही.

गप झालं की वळखायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. फोन लावला. काकूंनी उचलला.
सर पहाटेच गेले होते.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सर रागावतील.

लिहायचंय ते वेगळंच. टेस्टच्या अलर्टमधून सरांचा नंबर मी अजून काढलेला नाही. मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, "राहू दे गं." फोन काकूंकडं असतो. त्या तो रोज न चुकता चार्ज करतात.

आज सकाळी नवा कनेक्टर होता. एजंट बसवला, हिरवा दिवा लागला.

मी बंद पाडला आणि मोजत बसले.

मिनिटभरानं काकूंचा फोन.

"पल्लवे, वाजली गं हलगी! आख्ख्या गल्लीला ऐकू गेली. परत भाकरी करपली बग माझी."

आम्ही दोघी हसतच सुटलो. मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. तिकडं काकूही नाक ओढत होत्या.

मग त्याच म्हणाल्या, "बास आता. कर चालू."

केला.

जय भीम सर. चालू आहे.