ट्रायलला बोलायचं नसतं

माणूस गार झाला की मोकळा होतो. उन्हातून चिडून आलेलं गिऱ्हाईक एसीची हवा लागली की घरातलंसुद्धा सांगायला लागतं. इंदिरानगरला आमचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज. तिथे किस्से असेच साठत गेले.

मी नववीत शाळा सोडून मधुदादांच्या हाताखाली लागलो. दादांचा एकच नियम. गॅस भरला की काचा बंद, मेकॅनिक आणि गिऱ्हाईक शेजारी शेजारी, आणि गाडी पुरती गार होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचा असतो. मला ही ट्रायल फार आवडायची. बंद काचेतून रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. शिवाय गप्प बसायचा पगार!

*

नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याची तक्रार होती, एसी लावूनही घाम येतो. गॅस बरोबर, फॅन बरोबर. शेवटी कळलं, शेठ चारही काचा उघड्या ठेवून गाडी चालवतात.

"काचा बंद का करत नाही?" दादांनी विचारलं.

"काच बंद करी तं रामराम कोनले करू?"

*

एक वकीलसाहेब ट्रायलला बसले आणि झोपले. मी नियमाप्रमाणे गप्प. गाडी गार झाली, तरी त्यांना उठवायचा धीर होईना. त्यांचा श्वास आणि कॉम्प्रेसर एका लयीत चालले होते. ऐकता ऐकता माझाही डोळा लागला.

दादांनी काच वाजवली. वकीलसाहेब दचकून म्हणाले, "पुढची तारीख द्या!"

*

मखमलाबादचे निवृत्तीकाका गुलाब आणि शेवंती पिकवायचे. फुलं मार्केटला न्यायला त्यांनी व्हॅनला एसी बसवून घेतला होता. गाडी त्यांची मुलगी सुनंदा चालवायची. हवा कमी येते म्हणून डॅशबोर्ड खोलला, तर कूलिंग कॉइल सुक्या पाकळ्यांनी गच्च भरलेली.

साफ केल्यावर काका आत बसले आणि हिरमुसले. "गार हाय, पण बागेचा वास गेला."

"काका, गारवा पाहिजे का वास? एक काय ते ठरवा," दादा म्हणाले.

सुनंदा हसली. गॅरेजमध्ये येणाऱ्या सगळ्या मुली मला दादा म्हणायच्या. ती कधीच म्हणाली नाही. एवढ्यावर मी कितीतरी दुपारी काढल्या.

*

मग एकदा काकाच सांगून गेले, रविवारी देवळ्याची माणसं सुनंदाला बघायला येणार आहेत. मी पाना पुसत राहिलो.

"अरे, तिच्या शेजारी ट्रायलला बसतोस. तोंड उघडत जा की," दादा म्हणाले.

"ट्रायलला बोलायचं नसतं. तुम्हीच सांगितलंय."

दादांनी कपाळावर हात मारला.

*

रविवारी व्हॅन दारात उभी राहिली. सुनंदा उतरली. नवी साडी, केसांत गजरा.

"कूलिंग कमी आहे," ती म्हणाली.

मी गॅस मोजायचा गेज लावला. गॅस पूर्ण होता. मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "ट्रायल घे," आणि चहाला निघून गेले.

काचा बंद केल्या. आम्ही दोघं समोर बघत बसलो. आत हळूहळू मोगऱ्याचा वास भरला. रस्त्यावरची माणसं आवाज न करता जात होती. तिच्या हातांवर काटा आला होता.

"गार झाली," मी म्हणालो. ट्रायलमध्ये मी पहिल्यांदाच बोललो. "घरी पाहुणे आले असतील."

तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"गाडी गार झाल्याशिवाय कशी नेऊ?"