चाकाला कुंकू

ह्यांचा उजवा हात थरथरतो, हे मला चहाच्या बशीवरून कळलं. कप हातात घेतला की बशी किणकिणायची. आधी वाटलं, टेबलच डुगडुगतंय. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. तरी बशी वाजतच राहिली. मग मी ह्यांना चहा पेल्यातून द्यायला लागले. हे काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्याच सुमारास ह्यांनी गॅरेजमध्ये वर्कशॉप काढायचं मनावर घेतलं.

बोरिवलीला गोराईत आमचं लहानसं रो हाऊस आहे. पुढे एका गाडीपुरतं गॅरेज. मुलगा गाडी घेऊन मुलुंडला राहायला गेला, तेव्हापासून त्यात मी कांदे आणि गावाहून आलेले नारळ ठेवत होते. ह्यांचं आयुष्य कंपनीत लेथ मशीनवर गेलं. रिटायर झाल्यावर घरातली एकेक खुर्ची उलटी करून, ठोकून, सरळ करून झाली. आता शेजारपाजारची स्टुलं, खिडक्यांची ग्रिलं, मोडके पाट, सगळं गॅरेजमध्ये आणून दुरुस्त करायचं, रंगवायचं, असं ह्यांनी ठरवलं.

"तुझे नारळ आत ने," म्हणाले.

मी नारळ आत नेले आणि त्या दिवसापासून घाबरायला लागले.

कारण सांगते. लग्नाआधी मी अंधेरीला एका कारखान्यात डबे पॅक करायला जायची. पलीकडे पत्रा कापायचं मशीन होतं. एका दुपारी त्याचा आवाज बंद झाला म्हणून मी मान वळवली, तर मशीनवरचा माणूस खाली वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होता. ओरडत नव्हता. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि तो आपली बोटं शोधत होता. माझी शाळा चौथीत सुटली, पण मशीनला पत्रा आणि माणूस वेगळे ओळखता येत नाहीत, एवढं मला त्या दुपारी समजलं. त्या माणसाचा हात तर चांगला होता, थरथरत नव्हता.

मग सरळ नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की कारण सांगावं लागलं असतं. ह्यांच्या थोरल्या भावाला गावी डॉक्टरने काठी घ्यायला सांगितली होती. ते ओटीवर बसले ते तिथून कधी उठलेच नाहीत. चालता येत होतं तरी बसून राहिले. ह्यांना मी 'तुमचा हात थरथरतो' म्हटलं असतं, तर हेही तसेच बसले असते. म्हणून ठरवलं, दुकानात आपण सोबत जायचं आणि कापणारी कुठलीच वस्तू घरात येऊ द्यायची नाही.

मेट्रोने साकीनाक्याला गेलो. दुकान हत्यारांचं, खालपासून वरपर्यंत खोके. दुकानदाराच्या गालात मावा होता.

"बोला काका, काय बनवायचंय?"

"स्टुलं, खुर्च्या. रंगकाम. घरच्या घरी."

"मग घासायला-कापायला ग्राइंडर तर पाहिजेच." त्याने एक काढून काउंटरवर ठेवला. ह्यांनी उचलला तो दोन्ही हातांनी. बघणाऱ्याला वाटेल, जड आहे म्हणून. डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला होता, ते मला दिसलं.

"आवाज फार करतो हा," मी म्हणाले. "आपल्या शेजारी तान्हं बाळ आहे."

"तान्हं कुठलं? दहावीला आहे तो."

"मग अभ्यास असेल त्याचा."

दुकानदार हसला. "मावशी, ह्याला लाकडाचं मोठं पातं लावलं की फळीपण कापतो. ही पुढची पत्र्याची कड तेवढी काढून टाकायची."

"ती कड कशाला असते?"

"सेफ्टीला."

"मग काढायची कशाला?"

"अहो, मोठं पातं बसत नाही ना."

"ठेवा तो आत," मी म्हणाले.

मग त्याने लाकूड कापायची करवत काढली, विजेवर चालणारी. मी म्हटलं, वायर आखूड आहे. दुसरी काढली. मी म्हटलं, मूठ बारकी आहे. हे रागावले की मालवणीवर येतात.

"तुका काय कळता त्यातला? गप रव."

"गप ऱ्हवतंय. पण ता नको."

बॅटरीवरच्या ड्रिलला मात्र हो म्हटलं. बोट सोडलं की थांबतं, हे मी स्वतः दाबून बघितलं. काहीतरी घेऊ द्यायलाच हवं होतं.

मग कोपऱ्यातला कॉम्प्रेसर दिसला, हवा दाबून भरणारं मशीन. तांबडी आडवी टाकी, वर मोटर, बाजूला पट्ट्यावर फिरणारं मोठं चाक. दुकानदार म्हणाला, ह्याला रंगाची बंदूक लावायची, ब्रशचं कामच नाही. मी मनात म्हटलं, हात हलला तर रंग भिंतीवर उडेल. उडू दे. बोट तर जाणार नाही.

"हा घेऊ," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघत राहिले. "आता दहावीवाल्याचा अभ्यास झाला वाटतं?"

टाकीचीही मला भीती होतीच. दुकानदाराला विचारलं, "ही फुटते का?"

"नाही हो. हवा जास्त झाली की ह्या व्हॉल्व्हमधून सुटते. तुमच्या कुकरसारखं."

"माझा कुकर फुटलेला आहे."

"मग डाळ किती घातली होती, मावशी?" तो म्हणाला आणि टाकीवर थाप मारली. "फुल ऑटोमॅटिक आहे. टाकी भरली की स्वतःच बंद. हवा उतरली की स्वतःच चालू. तुम्ही बघायलापण नको."

ह्यांना ते फार आवडलं. माझ्या अंगावर काटा आला. कुणी हात न लावता आपणहून चालू होणारी वस्तू. शेजारी दुसरा कॉम्प्रेसर होता, जुना, चाक उघडंच. मी बोट दाखवून सांगितलं, चाकावर जाळी आहे तोच द्या. तेवढं माझं ऐकलं.

मग बारीकसारीक सामान. पाइप, रंगाची बंदूक, हवेतलं पाणी अडवणारी छोटी बाटली, आणि पाइप टाकीला जोडायचं पितळी तोंड. त्याला कपलर म्हणतात. एका हाताने त्याची कडी मागे ओढायची आणि दुसऱ्या हाताने पाइप आत दाबायचा. दुकानदाराने एक चांगला, जड कपलर दिला. हे पाइप आत घालायला गेले. पाइपाचं टोक पितळेवर टकटक टकटक आपटलं, आत जाईना. परत केलं. परत टकटक. दुकानदार मावा चघळायचा थांबला.

"हा घट्ट आहे," हे म्हणाले. "तो दुसरा दे."

"काका, तो हलका आहे. थोड्या दिवसांनी हवा सोडतो."

"चालेल मला."

मी वर पंख्याकडे बघत उभी राहिले. कपलरबद्दल बोलले असते तर हाताबद्दल बोलावं लागलं असतं.

सामान टेम्पोने आलं. मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. टाकी भरल्यावर ते आपोआप गप्प झालं. त्या गप्प होण्याचंच मला जास्त भय वाटायचं. चालू असलं की निदान माणूस लांब तरी राहतो.

दसऱ्याला सकाळी ह्यांनी मशीन एकदा चालवून टाकी भरून घेतली. मी हळदकुंकवाचं ताट आणि झेंडूची माळ घेऊन गॅरेजमध्ये आले, तर चाकावरची जाळी खाली काढून ठेवलेली.

"जाळी का काढली?"

"कुंकू चाकाला लावायचं की जाळीला? लेथवर आम्ही फिरणाऱ्या भागालाच लावायचो."

"प्लगची पिन काढलीत?"

"बंद आहे तो. दिसत नाही?"

लेथ बंद म्हणजे बंदच. माणसाने बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. ह्यांच्या हाडात तेच मुरलेलं. दुकानदाराचं बोलणं आम्ही दोघांनी ऐकलं होतं, ह्यांना ते आवडलंही होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

ह्यांनी माळ चाकावरून मोटरवर सोडली. मला कुठूनतरी बारीक सूं असा आवाज ऐकू आला. मला वाटलं, आत गॅस सुरू राहिला. ताट स्टुलावर ठेवलं आणि आत जायला निघाले. पायरीवर थांबून नाक ओढलं. गॅसचा वास नव्हता. आवाज मागून, टाकीकडून येत होता. मी वळले.

ह्यांनी बोट कुंकवात बुडवलं होतं आणि हात चाकाकडे नेत होते. हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. कुंकू फरशीवर सांडत होतं. चाकापासून वीतभर अलीकडे हे थांबले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि तो स्थिर व्हायची वाट बघत राहिले. मग मी बघतेय का हे पाहायला मान वळवली. मी बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हाताबद्दल आमची नजरानजर झाली.

आणि मशीन चालू झालं.

माळ एका झटक्यात आत ओढली गेली. झेंडू फुटून पाकळ्या माझ्या तोंडावर आल्या, दोरा पट्ट्यात अडकून चाबकासारखा फटफटत राहिला. हे मनगट धरून तसेच उभे, मागे सरकायचंही भान नाही. मी धावत जाऊन भिंतीवरची पिन ओढली. ठिणगी उडाली. चाक फिरत फिरत थांबलं. मग परत तेवढा सूं.

मी ह्यांचा हात ओढून घेतला. सगळा लाल. पदराने पुसला, तर कुंकू होतं. बोटं मोजली. परत मोजली.

"सोड गे," हे म्हणाले. "असत सगळी."

हे स्टुलावर बसले. मी फरशीवरच बसले. मग हे म्हणाले, "तुका म्हायत होता."

"होय."

"कधीपासून?"

"बशी वाजायला लागली तेव्हापासून."

"म्हणान पेलो?"

"म्हणान पेलो."

"आणि तो दहावीतला तान्हा बाळ?"

"तोपण त्यासाठीच."

हे हसले. मला हसू आलं नाही. मी फरशीवरच्या पाकळ्या गोळा करायला लागले.

हात थरथरत नसता तर हे वीतभर अलीकडे थांबले नसते. सरळ बोट चाकावर टेकवलं असतं. आणि हात थरथरत नसता तर चांगला कपलर घेतला असता, हवा सुटून उतरली नसती, मशीन आपोआप चालूच झालं नसतं. ह्या दोन्हींतलं काय धरायचं ते मला कळत नाही. मी विचार करायचं सोडून दिलं.

दसऱ्यानंतर दुकानं उघडल्यावर आम्ही परत साकीनाक्याला गेलो. वाटेत मी ठरवत होते काय सांगायचं. आवाज सांगू की दुसरं काही. पण हेच काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "माझा हात थरथरतो. मला घट्ट कपलर दे, आणि पाइपात एकदाच बसवून दे. मी काढणार नाही."

दुकानदार मावा थुंकून आला आणि कपलर बसवून दिला. मी या वेळी पंख्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरकडेही गेलो. गोळ्यांनी फरक पडलाय, पण हात थांबलेला नाही. थांबणार नाही असं डॉक्टरने स्पष्टच सांगितलं. हे ओटीवर बसले नाहीत. आम्हाला ओटीच नाही, असं म्हणाले.

आता चहा परत कपबशीतून देते. वाजायची ती बशी वाजते. जाळी चाकावर आहे, तिच्या स्क्रूंवर मी गडद रंग लावून घेतलाय, कुणी फिरवला तर रंग तडकलेला दिसावा म्हणून. पुढच्या दसऱ्याला कुंकू टाकीला लागेल.

हे रंग मारतात तेव्हा मी पिनेजवळ स्टूल टाकून लसूण सोलत बसते. ग्रिलवर रंग बरा बसतो, कडेला थोडा ओघळतो. लोक चालवून घेतात. हवा उतरली की मशीन आपोआप चालू होतं. ते होणार हे मला माहीत असतं, तरी दर वेळी माझ्या हातातला लसूण खाली पडतो. मी आधी ह्यांचे दोन्ही हात बघते. मग लसूण उचलते.