न चाखता केलेली भाजी

समस्त बडोदेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या मंगळवारी वासणा भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रस्तुत लेखकाने आयुष्यात पहिल्यांदा फ्लॉवर-बटाट्याची भाजी केली. जीवितहानी झाली नाही.

हसू नका. तापातून उठल्यापासून आईचं जेवण सुटलं होतं. तीन आठवडे दोन चमचे पेज घ्यायची आणि ताट सरकवायची. "तोंडाला चव नाही रे." बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्यांना स्वतःहून काहीतरी खावंसं वाटायला हवं. आणि त्या सकाळी, बायको प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात निघून गेल्यावर, आई कॉटवरून म्हणाली, "फ्लॉवर-बटाटा कर थोडा."

"संध्याकाळी ती आली की..."

"संध्याकाळी मला नको असेल."

झालं! मी सुट्टी टाकली आणि नॅपकीन खांद्यावर घेऊन ओट्याशी उभा राहिलो. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांचा हा वंशज बटाट्याच्या सालीशी झुंजू लागला.

फ्लॉवरचे तुरे काढले, अळ्या निघाव्यात म्हणून मिठाच्या गरम पाण्यात बुडवले. तेल, मोहरी, हिंग, हळद. बटाट्याच्या फोडी, निथळलेले तुरे, तिखट, गोडा मसाला, आणि बडोद्यात राहतो म्हणून गुळाचा खडा. वर झाकण. आता वाफ येईपर्यंत शांत बसायचं. तेच मला जमत नाही. हॉलमध्ये गेलो, आई जागी आहे का पाहिलं, परत आलो, झाकण उचललं, पुन्हा हॉलमध्ये.

"काय येरझाऱ्या घालतोयस? भाजी आहे, बाळंतपण नाही."

तेवढ्यात शेजारच्या बेन त्यांच्या गॅलरीतून डोकावल्या. "भाई, सुगंध तो सरस आवे छे! मीठुं नाख्युं ने?"

"नाख्युं ने!" मी छाती काढून म्हणालो, आणि लगेच कढईकडे वळलो. घातलं होतं का? बरणी उघडल्याचं आठवत होतं. बोटांना मीठ चिकटल्याचंही आठवत होतं. पण भाजीत पडलं का?

तुम्ही म्हणाल, चाखून बघ. आमच्या घरात ते चालत नाही. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत भाजी उष्टी करायची नाही. आईने पन्नास वर्षं नुसत्या वाफेच्या वासावर मीठ ओळखलं. मीही कढईवर नाक नेलं. चष्म्यावर धुकं जमलं, बाकी काही कळलं नाही. मग हळूच चमचा उचलला.

"चमचा खाली ठेव," हॉलमधून आवाज आला. ताप काही तिच्या कानांपर्यंत पोचला नव्हता.

बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "मी प्रतापनगरातून तुझ्या कढईत कशी डोकावू?"

आता पुन्हा मीठ घालावं तर दुप्पट होईल, आई पहिल्याच घासाला ताट सरकवेल, आणि इतक्या दिवसांनी झालेली इच्छा पुन्हा कधी होईल कोण जाणे. न घालावं तरी धास्ती तीच. बरणी उचलली, ठेवली, उचलली, गॅलरीपर्यंत घेऊन गेलो, परत आणली. शेवटी झाकण घट्ट लावून फळीवर ठेवून दिली.

नैवेद्य दाखवला. देवांच्या चेहऱ्यावरून काही अंदाज येईना. पहिला प्रसाद घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायचा असतो, म्हणजे इथेही माझा नंबर नव्हता. बायकोने सकाळी केलेल्यांतली अर्धी पोळी आणि वाटीभर भाजी ताटात घालून आईपुढे ठेवली आणि कॉटच्या पायथ्याशी या पायावरून त्या पायावर झुलत राहिलो.

तिने घास घेतला. चावला. थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी नजर चुकवून पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. सिंकमध्ये तुरे भिजवलेलं पातेलं तसंच होतं. त्यातल्या पाण्यावर दोन हिरव्या अळ्या तरंगत होत्या. मीठ तिथे गेलं होतं! सगळंच्या सगळं, अळ्यांना!

धावत परत आलो तर आईचा हात ताटाकडे चालला होता. मी डोळे मिटले. ताट सरकल्याचा आवाज आला, पण तिने ते स्वतःकडे ओढलं होतं.

"मेल्या, देवालासुद्धा अळणीच वाढलंस? आण ती मिठाची बरणी, आणि अख्खी पोळी आण, अर्धीने काय होतंय!"